साडेत्रेसष्ट अंशांचं दादर: आपल्याच कॉलनीतली भटकंती

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाला सगळ्या सभासदांची संमती मिळाली आणि फेब्रुवारीअखेर घरं रिकामी करायचं ठरलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत ठाण्याला भाड्याचं घर. हिंदू कॉलनीत माझा जन्म, शाळा-कॉलेज इथेच, नोकरीची लोकलही कायम दादरहूनच पकडलेली. निघण्याआधी हा परिसर एखाद्या पाहुण्यासारखा, सावकाश, पायी पाहायचा म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकली. दक्षिणेला दादर टीटी, उत्तरेला किंग्ज सर्कल, पश्चिमेला मध्य रेल्वेचे रूळ आणि पूर्वेला कात्रक रोड, एवढाच मुलूख.

३ डिसेंबर, बुधवार: खोदादाद सर्कल आणि हिंदू कॉलनी

सुरुवात मुद्दाम खोदादाद सर्कलपासून केली. आम्ही सगळे त्याला दादर टीटीच म्हणतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघून इथेच येऊन थांबली. आई त्याआधी दोन वर्षं लग्न होऊन या घरात आली होती. त्या रात्री रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत उभी होती आणि लोक ट्रामला हात लावून निरोप देत होते, हे ती अजून सांगते.

सर्कलच्या कडेने एम्प्रेस महाल, इम्पीरियल महाल अशा इमारती आहेत. त्यांच्या दर्शनी भिंती सरळ नाहीत, चौकाच्या गोलाईबरोबर वळत गेलेल्या आहेत. मध्ये उड्डाणपूल आल्यामुळे ती गोलाई आता एका नजरेत मावत नाही. पुलाच्या एका बाजूला उभं राहून अर्धी पाहायची, मग सिग्नल ओलांडून उरलेली अर्धी. मी तसंच केलं. चौक आधी आखला, इमारती नंतर उठल्या आणि त्यांनी आखलेल्या रेषेचा मान राखला, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

हा सगळा भाग आखीव आहे, आणि त्यामागे प्लेग आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईतला पहिला रुग्ण ओळखला. कोंदट चाळी, हवा नाही, ऊन नाही, एकाला लागून एक घरं. रोग पसरत गेला तशी माणसं शहर सोडून पळाली. सरकारने १८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला मोकळी नवी वस्ती वसवायची, ही त्याची कामं. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली शेतं आणि वाड्या ताब्यात घेऊन ट्रस्टने रस्ते आखले, गटारं घातली, भूखंड पाडले. त्या भूखंडांतून हिंदू कॉलनी उभी राहिली. पुढे १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. घरातल्या उजेड-वाऱ्याबद्दल त्यांचा एक नियम होता: साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिने जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. शाळेतली भूमिती आठवली तर हिशेब सोपा आहे. समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं. चाळीस फुटांच्या इमारतीसमोर वीस फूट. एवढं सोडलं की तळमजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोचतो.

हे वाचलेलं डोक्यात होतं, म्हणून कपाटातली जुनी कंपासपेटी काढून कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधून घेतला होता. तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत जाऊन समोरच्या इमारतीच्या छज्जावर नेम धरला. काकू म्हणाल्या, "अगं, काय मोजतेस?" म्हटलं, "काकू, तुमच्या घरातलं ऊन." दोरा बासष्टच्या आसपास थांबला. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर ओढलेली रेषा त्या खिडकीत अजून पाळली जात होती, आणि काकूंच्या देवघरासमोर फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता.

मग दिवसभर हेच. सर भालचंद्र रोड, लखमसी नप्पू रोड, आतल्या सगळ्या गल्ल्या. नव्याने झालेल्या एका टॉवरच्या शेजारच्या जुन्या इमारतीत परवानगी घेऊन मोजलं तर दोरा ऐंशीच्या पुढे गेला. त्या घरात सकाळी अकराला ट्यूबलाइट चालू होती.

हिंदू कॉलनी देखणी आहे असं सगळे म्हणतात आणि पुरावा म्हणून गोलाकार बाल्कन्या, उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या जाळ्या, रंगीत फरश्या, जिन्याचे लाकडी कठडे दाखवतात. ते सगळं आहे आणि मला प्रिय आहे. इमारतींच्या कपाळावर कोरलेली नावंसुद्धा, कुणाच्या आईचं, कुणाच्या कुलदैवताचं. पण दिवसभर फिरल्यावर माझं मत पक्कं झालं: इथलं खरं देखणेपण दोन इमारतींच्या मध्ये सोडलेल्या जागेत आहे. तिथे नारळ वाढतो, सायकली लागतात, गणपतीचा मंडप पडतो, वाळवणं पडायची, लग्नाच्या पंगती उठायच्या. बाल्कनी सुंदर वाटते ती पुढे पाहायला जागा आहे म्हणून.

४ डिसेंबर, गुरुवार: माटुंगा

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात यंदा दत्तजयंतीही त्याच दिवशी. आईला पूजेसाठी वेणी, पाच फळं, पाच झाडांच्या डहाळ्या, विड्याची पानं हवी होती. त्यामुळे माटुंग्याच्या फुलबाजारात जाणं कर्तव्यच होतं.

रुईया कॉलेजवरून चालत गेले. १९३७ सालचं हे कॉलेज, शेजारी १९४१ चं पोदार. सकाळी सातलाच रुईयाच्या नाक्यावर मुलं जमलेली. एकांकिकांचा हंगाम, कुणीतरी संहितेचे कागद हातात धरून तेच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहत होतं. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

माटुंग्याच्या रस्त्यांच्या पाट्या वाचत जाणं हा मला जुना आनंद आहे. तेलंग, चंदावरकर, भांडारकर, भाऊ दाजी. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग. १९०० च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष नारायण चंदावरकर. संस्कृतचे आणि प्रार्थनासमाजाचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आणि डॉक्टर, पुराणवस्तू अभ्यासक, मुंबईचे शेरीफ भाऊ दाजी लाड. एकोणिसाव्या शतकातला विचारी महाराष्ट्र इथे पत्त्यांत राहतो, आणि त्या पत्त्यांवर राहायला आले तमिळ, मल्याळी, कानडी, गुजराती, कच्छी. कचेऱ्यांत कारकुनी आणि लघुलेखनाच्या नोकऱ्यांसाठी दक्षिणेतून आलेल्या तरुणांना ही नवी, स्वच्छ, रेल्वेजवळची वस्ती सोयीची पडली. त्यांच्यामागून देवळं आली, शाळा आल्या. आस्तिक समाजाचं कोचू गुरुवायूर मंदिर १९२३ चं, साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची.

मंदिराबाहेर फुलबाजार. मोगऱ्याची, अबोलीची, मरव्याची गुंफलेली माळ इथे हाताच्या मापाने मिळते. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात. विकणाऱ्या बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग आपल्याच हाताने मापली. शेजारी केळीची पानं, केळफुलं, कच्ची केळी, भाजीचे लाल भोपळे, शेवग्याच्या शेंगा, सुरण. पहाटे दळलेल्या कॉफीचा वास फुलांच्या वासात मिसळतो तो नेमका याच कोपऱ्यावर. माझं बालपण या वासाने भरलेलं आहे. दत्तजयंतीमुळे पिवळ्या शेवंतीला जोर होता. गर्दी इतकी, की मराठीत भाव विचारावा, तमिळमध्ये उत्तर यावं, हिंदीत सौदा ठरावा.

न्याहरीसाठी रामाश्रयला रांग लावली. १९३९ चं हॉटेल. अननसाचा शिरा आणि वाफाळता उपमा. दुपारी स्टेशनाजवळ रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवण. ही खाणावळ १९४२ पासून आहे. भाताचा डोंगर, त्यात खळगा करून सांबार, मग रसम, मग ताक. वाढणारे पान रिकामं होऊच देत नाहीत. घरापासून दूर राहणाऱ्या, खोलीत चूल नसलेल्या माणसांना पोटभर जेवू घालण्यासाठी या खाणावळी सुरू झाल्या. तो भाव वाढण्यात आजही आहे. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच जेवत होते. वाढप्याने न विचारता त्यांना रसम वाटीत आणून दिलं, पानावर नाही.

संध्याकाळी उड्डाणपुलाखालच्या नानालाल डी. मेहता बागेत चालले. पुलाखालच्या जागेत गाड्या लागायच्या, घाण साचायची. माटुंग्याच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहून, पाठपुरावा करून ती जागा वाहनतळाला जाऊ दिली नाही. आज तिथे सुमारे ६०० मीटरची पायवाट आहे, नर्मदेच्या वळणांसारखी वळवलेली. वर पुलावरून ट्रक जातात, खाली आजोबा नातवाला चालायला शिकवत असतात. मोकळी जागा आपोआप मोकळी राहत नाही. तिच्यासाठी कुणीतरी भांडलेलं असतं. या परिसरात हे मला फार ठिकाणी दिसलं, पण इथे सगळ्यात ठळक.

५ डिसेंबर, शुक्रवार: पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स

आमच्या गल्लीतून पूर्वेला निघालं की काही मिनिटांत हवा बदलते. आवाज खाली जातो, सावली दाट होते. दादर पारसी कॉलनी सुरू झाली.

ही कॉलनी मंचेरजी एदलजी जोशी यांची. ते इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमध्ये अभियंता होते. मध्यमवर्गीय पारसी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून ठेवा, असा आग्रह त्यांनी ट्रस्टकडे धरला आणि तो मान्य करून घेतला. तेवढ्यावर न थांबता रस्त्यांच्या कडेला झाडं लावून घेतली, ज्या त्या रस्त्याला ज्या त्या जातीचं झाड. आज जामे जमशेद रोड किंवा फिरदौसी रोडवर मान वर केली की फांद्या दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये भेटलेल्या दिसतात. लावणाऱ्याला ती सावली मिळाली नसणार.

मुंबईतल्या बाकीच्या पारसी ‘बागां’ना, म्हणजे वसाहतींना, कुंपणं आणि फाटकं आहेत. दादरच्या या कॉलनीला नाही. कुणीही यावं, चालावं, बाकावर बसावं. मला लहानपणापासून ही गोष्ट मोलाची वाटत आली आहे. रुस्तम फरामना अग्यारीत पारशांखेरीज इतरांना प्रवेश नाही, त्यामुळे तिच्या दरवाजावरचे पंख असलेले आकार बाहेरूनच पाहिले. बाहेर चंदनाच्या काड्या विकायला होत्या. जवळच अथोर्नान मदरेसा. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारी मुलं इथे राहतात, अवेस्ता शिकतात आणि शाळेतही जातात. दुपारच्या सुट्टीत पांढऱ्या टोप्या घातलेली दोन मुलं अंगणात क्रिकेट खेळत होती. भारताचे यष्टिरक्षक फरोख इंजिनिअर याच कॉलनीत खेळून मोठे झाले, त्यामुळे इथल्या प्रत्येक मुलाच्या हातातल्या बॅटकडे मी जरा जास्त वेळ पाहते.

पारसी घरांचे तळमजले पाहण्यासारखे असतात. उंबऱ्यावर चुन्याच्या छाप्याची माशांची रांगोळी, कुंड्यांत क्रोटन, व्हरांड्यात लांब हातांची आरामखुर्ची. एका दारात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "कोणाचं घर शोधते, डिकरी?" म्हटलं, "कुणाचं नाही, नुसती पाहत चाललेय." त्या म्हणाल्या, "जो, जो. अच्छी तरह जो," म्हणजे बघ, नीट बघ, आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेल्या.

चारच्या पुढे फाइव्ह गार्डन्स. पालिकेच्या पाटीवर नाव मंचेरजी जोशींचंच. रस्त्यांच्या चौकाभोवती पाच बागा पाकळ्यांसारख्या मांडल्या आहेत आणि त्यांच्या मधून रस्ते सगळीकडे फुटतात. पर्जन्यवृक्षांची छत्री इतकी रुंद, की बागेतल्या झाडाची सावली पलीकडच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पडते. एका बागेत व्हीजेटीआय या अभियांत्रिकी कॉलेजची मुलं प्रकल्पाचे आराखडे पसरून बसलेली, दुसऱ्या बागेत डॉन बॉस्कोच्या पोरांचा फुटबॉल, तिसऱ्या बागेत रोजचा वृद्धांचा गट, ज्यात गुजराती, मराठी, तमिळ आणि पारसी गुजराती एकाच वाक्यात येतात.

इथे कोनमापक काढलाच नाही. पाच बागांच्या पलीकडची इमारत पाहायला मान वर करावीच लागत नव्हती.

६ डिसेंबर, शनिवार: राजगृह

आमच्या कॉलनीच्या पाचव्या गल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर आहे. ६ डिसेंबरला गल्ली पहाटेच भरते.

बाबासाहेबांनी हे घर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं, आणि ते मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलं. परळच्या खोल्यांत ग्रंथ मावेनासे झाले होते. घराच्या आराखड्यात त्यांनी स्वतः लक्ष घातलं, वरच्या मजल्यावर ग्रंथालय ठेवलं. मगधाच्या प्राचीन राजधानीवरून नाव दिलं, राजगृह. इथे त्यांनी जमवलेल्या ग्रंथांची संख्या पन्नास हजारांच्या घरात सांगतात. मे १९३५ मध्ये रमाबाईंचं निधन याच घरात झालं. आणि ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेल्यावर त्यांचं पार्थिव विमानाने मुंबईत आणून आधी याच घरी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी इथून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीला गेली. आज तिथे चैत्यभूमी आहे.

माझ्या लेखी आमच्या कॉलनीचा सर्वांत मोठा मान हाच. उजेड-वाऱ्याचा हिशेब करून आखलेल्या वस्तीत, एका माणसाने स्वतःच्या वाचनासाठी घर बांधलं आणि तिथे बसून देशाचं पुढचं शतक घडवणारा विचार केला.

रांग गल्लीच्या तोंडाशी वळून मुख्य रस्त्यापर्यंत गेली होती. पांढरे कपडे, निळे झेंडे, हातात मेणबत्त्या, पाठीवर सॅक, डोक्यावर गाठोडी. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून रात्रभर रेल्वेत उभ्याने आलेली माणसं. तरी ढकलाढकल नाही. रांगेत उभी राहून आत गेले. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू, छायाचित्रं. माझ्या पुढच्या मुलाने वडिलांना विचारलं, "बाबा, एवढी पुस्तकं एकट्यानं वाचली?" वडील म्हणाले, "म्हणून तर आपण इथं आलो, बाळा."

आमच्या इमारतीचं फाटक या दिवशी दिवसभर उघडं असतं. पाण्याचे पिंप आणि पेले बाहेर ठेवतात, आणि दोन इमारतींमधल्या त्याच मोकळ्या पट्ट्यात माणसं टेकतात. दुपारी हिंगोलीकडच्या एक आजी आल्या. "बाई, वाईच टेकू का हितं? पाय लई भरून आले." म्हटलं, "बसा की आजी." त्यांनी पिशवीतून भाकरी, ठेचा आणि पिवळं पिठलं काढलं आणि आधी मलाच अर्धी भाकरी पुढे केली. लग्नाच्या आधी वडिलांच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा आल्या होत्या. कोणत्या साली गल्लीत पाण्याचा नळ कुठे होता, समोरच्या इमारतीचा रंग कधी बदलला, हेही त्यांना ठाऊक. आमची इमारत पाडणार आहेत हे सांगितल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मग ही बसायची जागा ऱ्हाईल का?"

संध्याकाळी टिळक पुलावरून पश्चिमेला वाहत जाणाऱ्या गर्दीबरोबर मीही चैत्यभूमीपर्यंत गेले. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे शेकडो स्टॉल. प्रत्येकाच्या हातात परतीला पुस्तकं होती.

७ डिसेंबर, रविवार: उरलेलं, आणि नकाशा

सकाळी व्हीजेटीआयवरून फेरी. १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला आली. दगडी इमारत, लांब ओसऱ्या. पलीकडे रासायनिक तंत्रज्ञान संस्था, १९३३ ची. डॉन बॉस्कोच्या मदर मेरीच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना चालू होती. १९५७ चं हे चर्च, उंच, आत पांढरा स्वच्छ उजेड. एका लहानशा टापूत एवढ्या शिक्षणसंस्था एकत्र आल्या याचं कारणही जुन्या आखणीतच आहे: ट्रस्टने घरांबरोबरच मैदानांना आणि शाळा-कॉलेजांनाही जागा मोजून दिली.

दुपारी घरी बसून पुनर्विकासाचा प्राथमिक नकाशा उघडला. संमती देताना आम्ही सगळ्यांनी त्यात चटईक्षेत्र पाहिलं, गाडीची जागा पाहिली. मी या वेळी इमारतीबाहेरच्या रेषा पाहिल्या. मोठ्या इमारतीसाठी भोवती जेवढी मोकळी जागा सोडायला हवी तेवढी जुन्या भूखंडात मावत नाही, तेव्हा अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून त्यात सवलत घेता येते. आमच्याही नकाशात ती घेतलेली दिसत होती. पूर्वेचा पट्टा, जिथे काल आजी बसल्या, तिथे गाड्यांचा यांत्रिक टॉवर.

नवी इमारत नको असं मी म्हणत नाही. आईला ८३ व्या वर्षी तीन जिने चढवत नाहीत, तिला लिफ्ट हवी. पावसाळ्यात गच्ची गळते, सळया गंजल्यात. पण पार्किंगचा टॉवर मागच्या बाजूला नेता येतो, पूर्वेचा पट्टा जमिनीच्या पातळीवर उघडा ठेवता येतो, समोरचे दोन नारळ वाचवता येतात. कागदावर हे अजून शक्य आहे. पाया खणल्यावर नसेल. काकूंच्या खिडकीतल्या कोनाची आकृती काढून, या तीन मागण्या लिहून सेक्रेटरींच्या घरी नेऊन दिल्या. तळमजल्यावरच्या काकूंनी आणि वरच्या दोन कुटुंबांनी त्यावर सह्या केल्या.

सेक्रेटरींनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "ताई, आर्किटेक्टला गुरुवारी बोलावतो. तुम्ही तो कोनमापक घेऊन या."